स्वयंभू गंध

आमच्या गावात कीर्तन ऐकायची एक रीत आहे. महाराज बाहेरगावचा असला की माणसं पुढं सरकून बसतात, गावचा असला की खांबाला टेकून बसतात. सहादेव महाराजांनी जन्मभर खांबाला टेकलेल्या माणसांपुढं हरिकथा केली. गळा गोड, पाठांतर चोख, आणि अभंगाच्या चरणावर असे रेंगाळायचे की आम्हा टाळकऱ्यांचे हात आपोआप मऊ पडायचे. पण ते पडले गावचे. सकाळी ज्याला उसाला पाणी देताना पाहिलं, दुपारी खतासाठी सोसायटीच्या रांगेत पाहिलं, त्याच्याच तोंडून संध्याकाळी वैराग्य ऐकायला गावाला जड जायचं.

रामनवमीपासून हनुमान जयंतीपर्यंत आमच्याकडं सप्ता असतो. त्यात महाराजांच्या वाट्याला यायचं ते दुपारचं प्रवचन. पंगती उठलेल्या, नेवाशाकडचं ऊन तापलेलं, आणि पुढच्या रांगेतली जाणती मंडळी डोळे मिटून कशात रमलीत हे घोरण्यावरून कळायचं. शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन, ज्यानंतर कीर्तनकार आपल्या हातानं दहीलाह्यांचा काला कालवून अख्ख्या गावाला देतो, ते मात्र पांढऱ्या मोटारीतून येणाऱ्या महाराजाचं. साठी उलटली तरी सहादेव महाराजांना त्या एका कीर्तनाची आस होती. ते कधी बोलले नाहीत. त्यांची मंडळी छबूबाई मात्र दर वर्षी काला हातावर घेताना म्हणायची, "दह्याला आंबटपना हाय, गोडी न्हाई. आमच्या ह्यांच्या हातचा न्हाई ना."

तर त्या वर्षी फाल्गुनातली एकादशी झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज देवळाच्या नळावर तोंड धूत होते. टिळा धुतला. पुन्हा धुतला. उपरण्यानं घासला. रंग गेला, टिळा राहिला. भुवयांच्या मधून थेट केसांपर्यंत लाल, कातडीच्या किंचित वर आलेला उभा पट्टा. पाण्याला आलेल्या चांगुणानं तो पाहिला आणि हंडा तिथंच ठेवून त्यांच्या पायावर डोकं टेकलं. चांगुणा आमच्या देवळातली सेवेकरी. झाडलोट, दिवाबत्ती आणि गावभर बातमी, तिन्ही सेवा तिच्याकडं.

"महाराज, गंध आतून आलंय," ती म्हणाली.

"अगं बाई, खाज सुटलीया नुसती."

"सुटनारच की. देव काय अल्लाद उमटंल व्हय?"

घटकाभरात यज्ञेश्वर गुरुजी आले. गुरुजी म्हणजे देवळाचे पुजारी, सप्ता कमिटीचे सेक्रेटरी आणि वेशीजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानाचे मालक. पूर्वी ते सहाणेवर चंदन उगाळून कीर्तनकाराला गंध लावायचे. पण कमिटीचं काम वाढल्यापासून मनगटात कळ येते म्हणून त्यांनी तयार अष्टगंधाच्या पुड्या आणायला सुरुवात केली होती. रंग झेंडूसारखा भडक, वास पार स्टँडपर्यंत जाणारा. एकादशीला महाराजांच्या कपाळी त्याचाच टिळा होता.

गुरुजींनी मोबाईलची बॅटरी लावून कपाळ पाहिलं, ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं आणि हात जोडले. "स्वयंभू," म्हणाले.

झालं. गावात महादेव स्वयंभू होता, डोंगरावरची देवी स्वयंभू होती, आता गंधही स्वयंभू झालं. चौथ्या दिवशी स्टँडवर फ्लेक्स लागला. 'स्वयंभू गंधाचे मानकरी ह.भ.प. सहादेव महाराज.' फ्लेक्सवाल्यानं टिळा होता त्याहून लाल केला आणि महाराज होते त्याहून गोरे केले. छबूबाईनं तो पाहून विचारलं, "ह्यो कोन पाव्हना?"

खर्ड्याहून निमंत्रण आलं, कर्जतहून आलं. आणि कमिटीची बैठक होऊन गुरुजी स्वतः घरी आले. "महाराज, यंदाचा काला तुमचा."

महाराजांचा हातातला घास हातातच राहिला. छबूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "गळ्याला जलमभर कुनी इचारलं न्हाई. कपाळ सुजलं तवा गावाला ऐकू आलं."

"छबू, देवाची इच्छा," महाराज म्हणाले, आणि कपाळ चोळलं.

आता कीर्तन म्हणजे हात मोकळे ठेवायची जागा. पण शेकडो माणसं ज्या कपाळाकडं टक लावून बसलीत, तिथं बोट नेऊन खाजवायचं कसं? महाराजांनी युक्ती काढली. खाज उसळली की ते डोळे मिटून दोन्ही हात वर करत आणि म्हणत, "बोला, विठ्ठल विठ्ठल." आम्ही टाळ चढवायचो, मृदंग कडकडायचा, मंडप उभा राहायचा, आणि त्या गदारोळात महाराज उपरण्यात तोंड घालून कपाळ खसाखसा पुसून घ्यायचे. लोकांना वाटायचं, महाराजांना भरून आलं. खाज जशी वाढली तसा नामघोष वाढला. निरूपण तेवढं मागं पडत गेलं, पण त्याची कुणी तक्रार केली नाही.

त्यात गुरुजींनी नवा पायंडा पाडला. कीर्तनाआधी ज्याला इच्छा असेल त्यानं महाराजांच्या टिळ्यावर अष्टगंधाचं एक बोट लावायचं. सगळं गाव इच्छुक. ज्या जागेला आग होत होती त्याच जागेवर गावानं रांगेनं श्रद्धा चोपडली. आणि तेच गंध दुकानात पुड्यांतून मिळू लागलं, हे सांगायला नकोच.

शेवटी महाराजांनी स्टँडवरच्या मेडिकलमधून गुपचूप एक ट्यूब आणवली. मेडिकलवाल्यानं कुणाला, कुठं, काय, असलं काही न विचारता दिली. म्हणाला, ही सगळ्याला चालते. ट्यूब लावल्यावर खाज विझली, लाली उतरली. महाराज पोटभर जेवले, दुपारी झोपलेही. पण गुरुजींची झोप उडाली.

"महाराज, टिळा उतरतोय," विहिरीचं पाणी उतरल्याची बातमी सांगावी तसं ते हळू आवाजात म्हणाले. "सप्ता तोंडावर आला. लोकांना काय तोंड दाखवायचं?"

"ह्ये हाय की माजं तोंड."

"तोंड आहे हो. टिळा कुठाय?"

महाराजांच्या डोळ्यांपुढं काल्याची हंडी आली. ट्यूब कोनाड्यात गेली, गंध पुन्हा कपाळी आलं, आणि खाज व्याजासकट परतली. कातडी जाड झाली, चिरली, पाणी गळायला लागलं, त्यावर पिवळी खपली धरली. गुरुजी म्हणाले, पाझर फुटला. चांगुणानं त्या पाझराला कापूस टेकवून डबीत घालून नेला. मग एके सकाळी महाराजांचा डावा डोळा उघडेना. पापणी लिंबाएवढी सुजली होती.

"अर्धोन्मीलित नेत्र," गुरुजी हरखून म्हणाले. "समाधीची पहिली पायरी."

छबूबाईनं लुगड्याचा पदर खोचला. "घिऊ द्या समाधी. पर आदी डागदरनीला इचारून." तिनं दुकानातली एक पुडी पदराला बांधली आणि नवऱ्याला हाताला धरून नेवाशाच्या एसटीत बसवलं.

नेवाशाला अलफियाचा कातडीचा दवाखाना आहे. अलफिया म्हणजे आमच्याच गावच्या बाबाजानची लेक. बाबाजान मंडप-स्पीकरवाला. सप्त्याचा आवाज वर्षानुवर्षं त्याच्याच कर्ण्यांतून निघतो. पोरगी शिकून डॉक्टर झाली तरी गावाला ती अजून अलफीच, आणि अलफीला दाखवायचं म्हणजे दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही, म्हणून गावातलं कुणी तिच्याकडं जात नव्हतं.

तिनं महाराजांना उजेडात बसवलं, बराच वेळ पाहिलं. खपलीच्या कडेचा भुगा काचेवर घेऊन यंत्राखाली धरला.

"बुरशी दिसत नाही, काका. म्हणजे नायटा नाही, गजकर्ण नाही."

"मंग देव बी न्हाई ना?" छबूबाईनं विचारलं. "एकदाचं सांगून टाक."

"इसब आहे, काकू. एक्झिमा. काही जणांना तो जन्माचा असतो, घरात कुणाला दमा असतो, बाळपणापासून कोपरं-गुडघे खाजतात. काकांचं तसं नाही. यांच्या कातडीला काहीतरी सोसत नाही आणि ते तिथंच, त्याच आकारात रोज लागतंय. काय लावता कपाळाला?"

छबूबाईनं पदराची गाठ सोडून पुडी टेबलावर ठेवली. अलफियानं ती उलटून पालटून पाहिली. पुढं देवाचं चित्र होतं, मागं तेच चित्र होतं.

"यात काय काय घातलंय ते देवालाच ठाऊक," ती म्हणाली. "आणि ट्यूब कुठली लावलीत?"

ट्यूबही पदरातच होती.

"ही नायट्याची पण आहे, इसबाची पण आहे, पुवाची पण आहे, म्हणजे नेमकी कशाचीच नाही. यातलं स्टिरॉईड खाज दाबतं, म्हणून बरं वाटतं. नायट्यावर लावलं असतंत तर तो आतल्या आत पसरला असता. डोळ्याजवळ महिनोन्महिने लावली की काचबिंदू होतो, मोतीबिंदू होतो. आता खाजवून खाजवून जखम झालीय, त्यात पू झालाय, तो पापणीपर्यंत आलाय. आणखी आत गेला तर डोळ्यावर बेतेल. आणि अब्बा सांगतात, लोक रांगेनं तुम्हाला बोटं लावतात; त्यांच्यातल्या एखाद्याच्या ओठावर तापातली पुळी उठलेली असली, तर ती या उघड्या कातडीवर रानातल्या वणव्यासारखी पसरते. ताप, फोड, दवाखाना. इसबानं माणूस जात नाही, काका. पण तो दार उघडं टाकतो."

महाराज खाली मान घालून ऐकत होते. मग छबूबाईकडं न बघता म्हणाले, "अलफी, एक मागू का? काल्यापतूर ऱ्हाऊ दे. मंग कर बरं."

छबूबाईचा हात कपाळावर गेला. अलफियानं पेनाला टोपण लावलं.

"लहान असताना मी मंडपात अब्बांच्या मशीनजवळ बसून तुमचं प्रवचन ऐकायचे," ती म्हणाली. "दुपारचं. माणसं झोपलेली असायची, मी जागी असायचे. तेव्हा टिळा नव्हता."

"म्हनून तर दुपारचं हुतं," महाराज म्हणाले.

तिनं पुवाच्या गोळ्या दिल्या, गार पाण्याच्या पट्ट्या सांगितल्या, पापणीला चालेल असं साधं मलम दिलं, आणि गंध बंद. म्हणाली, "कपाळ शांत झालं की पाठीवर चकत्या लावू. गंधाची एक, बुक्क्याची एक, तुमच्या घरातल्या चंदनाच्या खोडाची एक. दोन दिवस पाठ भिजवायची नाही. जी चकती पेटेल ती चोर."

"माजी बी एक चकती लाव," छबूबाई म्हणाली. "ह्या मानसाला माजंच वावडं हाय का बघ."

घरी आल्यावर महाराजांनी फेटा भुवयांपर्यंत खाली ओढला. गुरुजींना वाटलं, उत्सुकता ताणायची युक्ती आहे. त्यांनी जाहीर करून टाकलं की स्वयंभू गंधाचं दर्शन आता थेट काल्याला. त्यामुळं सप्त्याला गर्दी दुप्पट झाली.

इकडं गावात निराळंच सुरू झालं होतं. घरोघर पुड्या गेल्या होत्या. काहींच्या कपाळी लाली उमटली. ओंकार सरपंचाला उमटली तेव्हा त्यानं टोपीच घालायची सोडली. बायका एकमेकींच्या भुवयांमध्ये निरखून बघायला लागल्या. ज्यांना उमटली नाही ते घरात दार लावून दुप्पट जाड गंध चोळत. चांगुणाला काही केल्या उमटेना. देवळाची फरशी पुसता पुसता ती रडायची. "जलम गेला सेवेत, आन् उमटलं कुनाला, तर सरपंचाला. वायदा करून दिंडीला येत न्हाई त्यो."

चकत्या निघाल्या त्या दिवशी महाराज दवाखान्यात अलफियापुढं पाठ उघडी करून बसले होते. बुक्क्याची जागा स्वच्छ होती. चंदनाची जागा स्वच्छ होती. गंधाच्या जागी तांबूस चौकोन उठला होता आणि त्यावर बारीक फोड.

"म्हंजी चंदन चालतंय मला?" महाराजांनी विचारलं.

"चंदन चालतंय. पुडीतला रंग किंवा वास, त्यातलं काहीतरी चालत नाही."

महाराजांनी सदरा घालायला घेतला, आणि बटणं लावता लावता त्यांचे डोळे भरले. यात मात्र खाजेचा काही संबंध नव्हता. इतके दिवस त्यांच्या मनात एक बोच होती, ती त्या दिवशी निघाली. देवाची वस्तू आपल्या अंगाला सोसत नाही की काय, असं त्यांना वाटत होतं.

काल्याच्या दिवशी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. खांबाला कुणी टेकलेलं नव्हतं. गुरुजी चांदीच्या वाटीत गंध कालवून पायरीशी उभे. महाराज आले, नारदाच्या गादीला नमस्कार केला आणि फेटा काढला.

कपाळ कोरं होतं. जिथं टिळा होता तिथं करड्या रंगाची फिकट खूण, जुन्या भाजल्याची असते तशी. मंडपातल्या माना उंचावल्या. गुरुजी पुढं झुकले आणि कुजबुजले, "महाराज, निदान कुंकवाचं पाणी तरी ओढू द्या. लांबून काही कळत नाही."

बाबाजाननं माईक आधीच चालू केला होता. का केला होता, ते तो अजून सांगत नाही. गुरुजींची कुजबुज चारी कर्ण्यांतून निघाली आणि प्रवरेच्या पलीकडच्या मळ्यात गेली.

"गुरुजी, वाटी खाली ठिवा," महाराज म्हणाले. तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

मग त्यांनी कीर्तन केलं. त्या दिवशी एकदाही अवेळी नामघोष मागितला नाही. गोकुळातल्या गोपाळांच्या शिदोऱ्या सांगितल्या, कुणाची शिळी भाकरी, कुणाचं ताक, आणि सगळं एकत्र कालवणारा तो. सांगता सांगता आपल्याच कपाळावर आले. काही राखलं नाही. म्हणाले, गंध देवाचं नव्हतं, इसब होता. ठाऊक झाल्यावरही मी डॉक्टरला म्हणालो, राहू दे. डोळा गेला असता तरी चाललं असतं, एवढी मला या गादीची हाव होती. देवापुढं उभं राहायला मला देवापेक्षा खाजेचा आधार वाटला. आवाज चढला नव्हता. आमचे टाळ केव्हा थांबले ते आम्हालाही कळलं नाही.

मधेच चांगुणा उभी राहिली. "म्हंजी महाराज, सरपंचाला बी इसबच झालाय?"

"व्हय."

"आन् मला न्हाई झाला, ती माजी भक्ती कमी म्हनून न्हाई?"

"तुजी कातडी चिवट म्हनून."

चांगुणानं पदरानं डोळे पुसले आणि सरपंचाकडं वळून पाहिलं. सरपंचानं खिशातून टोपी काढून घातली.

कीर्तन संपलं. हंडीतलं दही, लाह्या, लोणचं, पेरू असं सगळं परातीत आलं आणि महाराजांनी काला कालवायला हात घातले. पण रांग पुढं येईना. मंडपात कुजबुज सुरू झाली. रोगी माणसाच्या हातचं खायचं कसं? ह्यांच्यामुळंच आपल्याला लागलं. ज्या कपाळाला महिनाभर बोटं लावायला रांग होती, त्याच माणसाचे हात आता लोकांना दिसत होते. महाराज दोन्ही हात दह्यात घालून उभे राहिले. जन्मभर मागितलं ते समोर होतं आणि घ्यायला कुणी नव्हतं.

"लागत न्हाई त्यो," ते म्हणाले. "लागायचा असता तर पैला हिला लागला असता."

"मला निराळंच लागलंय," बायकांतून छबूबाई म्हणाली, "अलफीकडं त्याला मलम न्हाई."

चार बायका हसल्या. तेवढ्यात चांगुणा पुढं आली आणि तिनं ओंजळ केली.

"द्या. इतके दिस आमी बगतच हुतो. आज ऐकलं."

मग दुसरी आली, मग म्हातारे आले, मग ढकलाढकली झाली. बाबाजान माईक बंद करून आला, त्यानं लेकीच्या वाटचाही घेतला. छबूबाईनं घेतला, चाखला, आणि काही म्हणाली नाही. सगळ्यात शेवटी गुरुजी आले. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

"गुरुजी, टोपी वर करा," महाराज हळूच म्हणाले.

गुरुजींनी इकडंतिकडं पाहिलं आणि टोपी बोटभर वर केली. खाली लालभडक पट्टा होता, कडेनं पाणी सुटलेलं.

"कवापासनं?"

"नवमीपासून," गुरुजी म्हणाले. "मला वाटलं, जन्मभर पूजा केली, एकदा आपल्यालाही… म्हणून सांगितलं नाही. फार आग होते हो."

महाराज हसले नाहीत. परातीतला शेवटचा मोठा गोळा त्यांच्या हातावर ठेवून म्हणाले, "उद्या सकाळच्या एसटीला या. मी बी येतो."

दुसऱ्या दिवशी एसटीत जागा पुरेना, म्हणून बाबाजाननं मंडपाचा टेम्पो काढला. नेवाशाच्या त्या दवाखान्यात आमचं अर्धं गाव बाकांवर, पायऱ्यांवर बसलं होतं. सरपंच, त्याची सून, दोन विणेकरी, गुरुजी. अलफियानं सगळ्यांना एकच बजावून ठेवलं होतं, नंबर येईपर्यंत खाजवायचं नाही.

गुरुजी महाराजांच्या शेजारी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. बराच वेळ चुळबुळ करून ते म्हणाले, "महाराज, सहाण मी कालच धुऊन ठेवलीय. पुढल्या सालचा काला… चंदनाचा टिळा लावून घ्याल का?"

"बारका लावा," महाराज म्हणाले.

तेवढ्यात सरपंचाला राहवेना. त्यानं डोळे मिटले, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "बोला, विठ्ठल विठ्ठल." सगळ्या बाकांनी ताबडतोब उचललं. टाळ नव्हते, आम्ही टाळ्यांवर भागवलं. आतली मदतनीस बाई दार उघडून शांत बसा म्हणायला आली, तर मागून अलफियाचा आवाज आला, "म्हणू दे त्यांना. हात वर आहेत ना, तेवढं बघ."